मिठाला जागणारा

रात्री दहाला झोपून पहाटे पाचला उठलं, की पहिली लघवी गडद पिवळी होते. सात तासांत घोटभर पाणी पोटात गेलेलं नसतं. श्वासावाटे, घामावाटे थोडं गेलेलंच असतं आणि रक्त साफ करण्याचं काम तर क्षणभरही थांबलेलं नसतं. तरी झोप मोडत नाही आणि सकाळी घशाला फारशी कोरडही पडलेली नसते. त्या रंगाकडे एक नजर टाकून आपण पाणी ओततो आणि दात घासायला लागतो. मला मात्र तिथे रात्रभर जागलेल्या एका कामगाराची हजेरी दिसते.

त्याचं नाव गाभा. मूत्रपिंडाचा आतला भाग. पुस्तकात त्याला मेड्युला म्हणतात. मी ३२ वर्षं वैद्यकीय शाखेच्या पहिल्या वर्षाला शरीरक्रियाशास्त्र शिकवलं आणि फळ्यावर मेड्युला असंच लिहिलं, पण मनात तो कायम गाभाच राहिला, केळीचा असतो तसा. सालपटं उलगडत गेल्यावर आत, मिटून बसलेला.

त्याचं रूप पाहायचं तर मटणाच्या दुकानात जावं. मूत्रपिंडाचा धडा सुरू व्हायच्या दिवशी मी सकाळी बकऱ्याचे दोन गुर्दे घेऊन वर्गात जायची. बाहेरच्या फुगीर बाजूने सुरी लावून गुर्दा उभा चिरला, की तो पुस्तकासारखा उघडतो. कडेला तपकिरी-लाल, रवाळ पट्टा दिसतो, ती साल. तिच्या आत गडद लाल पट्टा, आणि त्याच्याही आत फिकट, गुळगुळीत भाग. नीट निरखलं तर या आतल्या दोन्ही भागांत बारीक बारीक रेषा दिसतात. भाताची पेंढी एका टोकाला आवळून धरावी तशा त्या सगळ्या एकाच दिशेने आत धावतात. बकऱ्यात त्या एका कडेशी येऊन मिळतात. माणसाच्या मुठीएवढ्या मूत्रपिंडात अशा आठ ते अठरा पेंढ्या असतात. त्यांना पिरॅमिड म्हणतात. प्रत्येकीचं टोक एका नाजूक पेल्यात डोकावत असतं आणि त्या टोकातून थेंब थेंब लघवी पाझरते. रेषांनी भरलेला हा सगळा भाग म्हणजे गाभा. रेषा म्हणजे पोकळ नळ्या आहेत, हे १६६२ साली लोरेन्झो बेलिनी या इटलीतल्या १९ वर्षांच्या विद्यार्थ्याने दाखवून दिलं. तोवर मूत्रपिंड म्हणजे नुसता भरीव मांसाचा गोळा, अशीच समजूत होती. माझ्यासमोर बसलेली मुलंही १८-१९ वर्षांचीच असत, म्हणून मी हे दरवर्षी न चुकता सांगायची.

आता त्याचा स्वभाव. तो खारट आहे. शब्दशः खारट. रक्तात विरघळलेल्या सगळ्या क्षारांचं आणि इतर द्रव्यांचं मिळून जे माप काढतात, ते मिलीऑस्मोलमध्ये लिटरमागे २९०च्या आसपास भरतं. मेंदू असो, काळीज असो की दंडाचा स्नायू, सगळे याच मापात राहतात. त्यात शेकडा एक-दोनाने फरक पडला तरी तहान लागते, अस्वस्थ वाटतं. शरीरातला एकटा गाभाच हा नियम मोडून राहतो. सालीला लागून तो रक्ताइतकाच असतो, पण जसजसं आत जावं तसतसा खार वाढत जातो, आणि पाण्याची तूट असेल तेव्हा टोकाशी माप १२००पर्यंत चढतं. रक्ताच्या चौपट.

एवढा खार कशासाठी, याचं उत्तर आपल्या घरात आहे. उन्हाळ्यात आजी कैरीच्या फोडींना मीठ-हळद चोळून पातेलं रात्रभर झाकून ठेवायची. सकाळी झाकण काढलं की फोडी आखडलेल्या आणि तळाशी वाटीभर पाणी. ते पाणी कुणी पिळून काढलेलं नसे. मिठाने बोलावलं आणि पाणी आलं. मूत्रपिंडाची सगळी विद्या या पातेल्यात आहे. आपल्या शरीरात पाणी उपसून नेणारा पंप कुठेच नाही. पेशींना मीठ उचलून इकडचं तिकडे ठेवता येतं. पाण्याला हात लावता येत नाही. ते मिठाच्या मागे आपलं आपण जातं. म्हणून ज्याला पाणी राखायचं त्याला आधी मीठ राखावं लागतं. गाभा मीठ राखतो.

राखायचं किती, तेही पाहा. मूत्रपिंडाच्या सालीतल्या गाळण्यांतून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळलं जातं. आपल्या रक्तातलं सगळं पाणी दिवसभरात पुन्हा पुन्हा गाळणीतून जातं म्हणून आकडा एवढा मोठा. त्यातलं बहुतेक सालीतल्याच नळ्या लगेच परत घेतात. ते ठोक काम. शेवटचा हिशेब मात्र गाभ्याकडे येतो. दिवसभराचा टाकाऊ माल शरीराबाहेर घालवायला, गाभा ठणठणीत असेल तर अर्धा लिटर पाणी पुरतं. त्याने हात टेकले तर त्याच मालाला दोन लिटर लागतात. आड आटलेल्या गावात, उन्हातान्हात कामावर असलेल्या माणसासाठी हा दीड लिटरचा फरक म्हणजे जीव.

मीठ तो साठवतो कसा, हे कळायला माणसाला फार वेळ लागला. १८६२ साली जर्मनीत ग्योटिंगेनला याकोब हेन्ले या शरीररचनाशास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली एक विचित्र नळी पाहिली. रॉबर्ट कॉख पुढे ज्यांच्याकडे शिकला तेच हे हेन्ले. ही नळी सालीतून निघून सरळ गाभ्यात उतरते, खोलवर जाऊन केसांच्या आकड्यासारखी वळते आणि आपल्याच शेजारून पुन्हा वर येते. प्रत्येक मूत्रपिंडात अशा नळ्या सुमारे दहा लाख. त्यातल्या शंभरातल्या पंधराएक खोल गाभ्यात जातात, बाकीच्या अर्ध्यावरूनच वळतात. या वळणाला हेन्लेचा पाश म्हणतात. जिथून निघाली तिथेच परत यायचं, तर नळी खाली गेलीच कशाला? हा प्रश्न ८० वर्षं तसाच राहिला.

त्याची गाठ सोडवली ती डॉक्टरने नव्हे, रसायनशास्त्रज्ञाने. बाझलच्या वेर्नर कून यांनी १९४२ साली मांडलं, की दोन प्रवाह अगदी शेजारून पण उलट दिशांनी वाहत असतील, तर दोघांतला लहानसा फरक वाढत वाढत मोठा करता येतो. पाशात तेच घडतं. वर चढणारी बाजू पाणी बाहेर सोडत नाही, फक्त मीठ बाहेर टाकते. तिची ताकद बेताची. एका ठिकाणी ती आतल्याबाहेरच्या मापात २०० मिलीऑस्मोलचाच फरक पाडू शकते. पण तिने टाकलेल्या मिठामुळे शेजारच्या उतरत्या बाजूतलं पाणी बाहेर ओढलं जातं, तिच्यातला द्रव घट्ट होतो, आणि तोच घट्ट द्रव वळण घेऊन चढत्या बाजूत येतो. आता ती आधीच्यापेक्षा खाऱ्या द्रवातून पुन्हा २००चा फरक पाडते. मग पुन्हा. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, इथे चिमटी चिमटीने मिठागर साचतं. मोठं काम लहान ताकदीने कसं उभं करावं, याचा याहून सुंदर नमुना मला निसर्गात दुसरा दिसलेला नाही.

कून यांचं म्हणणं पुष्कळांना पटलं नव्हतं. पुरावा आला १९५१ साली, आणि तो फार देखणा होता. हाइनरिख विर्ट्स, हारगिटाय आणि कून यांनी उंदराचं मूत्रपिंड झटकन गोठवलं, त्याचे पातळ काप केले आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून हळूहळू ऊब वाढवत नेली. घरी पॉटात आइस्क्रीम करताना बर्फावर खडेमीठ टाकतात, कारण खारट बर्फ जास्त थंडीतही वितळतो. इथेही तसंच. ज्या उतींत खार जास्त तिथला बर्फ आधी विरघळणार. काप ऊब धरू लागला तेव्हा सगळ्यात आधी विरघळलं गाभ्याचं टोक. मग त्याच्या वरचा थर, मग त्याच्या वरचा. सालीतला बर्फ सगळ्यांच्या शेवटी गेला. गाभा आतून किती खारट आहे, हे त्याने स्वतः पायरीपायरीने दाखवलं.

खार तयार झाला, तरी पाणी कधी घ्यायचं हे गाभा ठरवत नाही. तो हुकूम मेंदूतून येतो. रक्त जरा घट्ट झालं, की मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक सुटतं. पाशातून वर गेलेला द्रव शेवटच्या संग्राहक नळीत शिरतो आणि ती नळी त्याला पुन्हा एकदा याच गाभ्यातून खाली आणते. संप्रेरक पोचलं, की त्या नळीच्या भिंतीत पाण्याचे बारीक दरवाजे बसवले जातात आणि बाहेरचा खार आतलं पाणी ओढून घेतो. उरते ती गडद, घट्ट लघवी. आपण तांब्याभर पाणी प्यालो तर हुकूम थांबतो, दरवाजे आत ओढले जातात आणि लघवी पाण्यासारखी नितळ होते. तिचं माप ५०पर्यंतही उतरतं. या दरवाजांना अ‍ॅक्वापोरिन म्हणतात. ते शोधल्याबद्दल अमेरिकेच्या पीटर अ‍ॅग्री यांना २००३ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हुकूम येवो न येवो, गाभ्याला मात्र मीठ तयार ठेवावंच लागतं. मध्यरात्री कधी मागणी येईल, सांगता येत नाही.

त्याचा संसारही काटकसरीचा. टोकाशी जो खार असतो त्यातला जवळजवळ अर्धा वाटा युरियाचा, म्हणजे जो बाहेर टाकायचा त्याच मालाचा. गाभा त्याला जाता जाता थांबवून घेतो, कामाला लावतो आणि मग सोडतो. अन्नात प्रथिनं फार कमी पडली तर युरियाही कमी बनतो आणि गाभ्याची धार बोथट होते. अगदी आतल्या टोकाशी मीठ उपसणारे जोरदार पंप नसतात, तरी तिथेच खार सर्वांत जास्त. हे कसं जमतं, याचा पूर्ण उलगडा शास्त्राला आजही झालेला नाही. एवढ्या खारात पेशी कैरीच्या फोडीसारख्या आखडून मरायला हव्यात. त्या मरत नाहीत, कारण सॉर्बिटॉल, बीटेन, इनॉसिटॉल अशी निरुपद्रवी द्रव्यं त्या स्वतःत साठवतात आणि बाहेरच्या ओढीला आतून तोल देतात.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो त्याची गरिबी पाहून. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे येतो. वजनाच्या मानाने एवढं रक्त क्वचितच दुसऱ्या अवयवाला मिळतं. पण त्यातलं नव्वद टक्के सालीतच राहतं, गाभ्याला उरलेलं दहा टक्के. याला कारण आहे. रक्त जोरात वाहिलं तर साठवलेला सगळा खार धुऊन जाईल. म्हणून गाभ्यातल्या रक्तवाहिन्याही पाशासारख्याच उतरतात, वळतात आणि संथपणे वर येतात. जाताना मीठ घेतात, येताना ते परत ठेवून जातात. पण या देवघेवीत प्राणवायूही वाटेतच उतरत्या वाहिनीतून चढत्या वाहिनीत निसटतो. सालीत त्याचा दाब पाऱ्याच्या ५० मिलिमीटरच्या आसपास असतो, गाभ्यात १० ते २०. आणि चढत्या नळीच्या मीठ उपसणाऱ्या पेशी तर भरपूर प्राणवायू खाणाऱ्या. गाभा सतत गुदमरण्याच्या उंबरठ्यावर राबत असतो. रक्तदाब एकाएकी कोसळला, शरीर फार सुकलं, की पहिला घाव त्याच्यावर बसतो. वर्षानुवर्षं मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या त्याचं आधीच तुटपुंजं रक्त आणखी कमी करतात, आणि काहींच्या बाबतीत त्याची टोकं अक्षरशः झडून जातात. गुडघे दुखतात म्हणून रोज गोळी घेणाऱ्या आपल्या आया-मावशांना हे कुणीतरी सांगायला हवं.

त्याचे भाऊबंद जगभर आहेत. पण पाश लाभलेले फक्त दोन कुळांतले, सस्तन प्राणी आणि पक्षी. बेडकाला तो नाही, माशाला नाही. ज्याचं पाणी जसं, तसा त्याचा गाभा. नदीत घर करणाऱ्या बीव्हरला पाण्याची ददात नाही, त्याचे सगळे पाश आखूड, आणि लघवी रक्ताच्या दुपटीपेक्षा घट्ट होत नाही. उलट अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातला कांगारू उंदीर. क्नुट आणि बोडिल श्मिट-नील्सन या दांपत्याने १९४०च्या दशकाच्या अखेरीस तिथे तळ ठोकून त्याचा अभ्यास केला. तो सुकं बी खातो आणि पाणी न पिता जगतो. त्या बियांचं शरीरात ज्वलन होताना जे पाणी बनतं, त्यावरच त्याचं भागतं, कारण त्याचा गाभा माणसाच्या चौपटीहून घट्ट लघवी करू शकतो. प्रयोगात त्याला समुद्राचं पाणी पाजलं, तरी तो तगला. आपल्याला ते साधत नाही. समुद्राच्या पाण्यात जेवढं मीठ असतं, तेवढं घट्ट करून बाहेर टाकण्याची ताकद आपल्या गाभ्यात नाही. होडी भरकटली तर चहूकडे पाणी असून कोळ्याला ते पिता येत नाही, ते यामुळेच.

वय वाढलं की गाभा थकतो. पूर्वी १२००पर्यंत नेणारा आता त्याच्या बऱ्याच अलीकडे थांबतो, आणि रात्री मेंदूकडून येणारा हुकूमही मंदावतो. घरातली म्हातारी माणसं रात्री दोनदा-तीनदा उठतात, त्याचं हेही एक कारण. त्यांना तहानही कमी लागते, त्यामुळे वैशाखात ती कळायच्या आत सुकतात. मूत्रपिंडाच्या कित्येक आजारांतही लघवी घट्ट करण्याची ताकद लवकर जाते.

पण थकण्याचं वय नसतानाच ज्याचा गाभा गेला, असा एक मुलगा माझ्या मनातून जात नाही. निवृत्तीनंतर मी गडचिरोली जिल्ह्यात सिकलसेलच्या तपासणी शिबिरांना जाऊ लागले. पूर्व विदर्भात, तसंच नंदुरबारकडे, हा आजार पुष्कळ घरांत आहे. नऊ वर्षांचा तो मुलगा आईच्या मागे लपून उभा होता. आई मान खाली घालून म्हणाली, "मॅडम, पोरगं रोज गोधडी ओली करते. मारून पाहिलं. मी त्याले सहा वाजल्यापासून पाणीच नाही देत."

त्याचा आदल्या संध्याकाळचा आणि त्या सकाळचा असे दोन नमुने होते. मी ते काचेच्या दोन उभ्या नळ्यांत ओतले आणि युरिनोमीटर सोडला. घट्ट लघवीत त्याचा काचेचा फुगा वर तरंगतो, पातळ लघवीत खाली बुडतो. निरोगी मुलाच्या सकाळच्या नमुन्यात आकडा १.०२०च्या पुढे जायला हवा. इथे दोन्ही नळ्यांत फुगा एकाच खुणेशी येऊन थांबला, १.०१०. रात्रभर पाणी तोडलेल्या मुलाची लघवी संध्याकाळइतकीच पातळ आणि फिकट होती.

सिकलसेलच्या लाल पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात. आजूबाजूला खार असला, की त्यांच्यातलं पाणी ओढलं जाऊन त्या आणखी सहज वाकतात. कमी प्राणवायू, भरपूर खार, संथ रक्त हे तिन्ही एकत्र असलेली जागा शरीरात एकच. ज्या गुणांवर गाभा इतरांचं पाणी राखतो, तेच गुण या मुलांत त्याच्या मुळावर येतात. वाकलेल्या पेशी त्याच्या बारीक वाहिन्यांत अडकतात आणि तो हळूहळू सुकत जातो. अगदी लहानपणी रक्त चढवलं तर काही काळ ताकद परत येते, मोठेपणी येत नाही. अंथरूण ओलं करणाऱ्या प्रत्येक मुलाला हा आजार नसतो. पण या मुलाच्या कागदावर एसएस, म्हणजे सिकलसेलचा आजार, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. तरी आधी जिथे जिथे दाखवलं, तिथे त्या दोन अक्षरांचा आणि गोधडीचा संबंध कुणी जोडला नव्हता.

मी म्हटलं, "ताई, याच्यात पोराची काही चूक नाही. पाणी राखणारी जागाच आजाराने गेली आहे. पाणी बंद करू नका. पाणी कमी पडलं तर अंगात कळा सुरू होतील. दिवसभर भरपूर पाजा, आणि रात्री एकदा उठवून बाहेर न्या." मुलगा आईच्या मागून पुढे आला आणि त्या दोन नळ्यांकडे बघत राहिला.

पुढच्या शिबिराला ती दोघं पुन्हा आली. मुलाच्या गळ्यात पाण्याची बाटली होती. शाळेत गुरुजी त्याला मधेच बाहेर जाऊ देतात, असं तो स्वतःहून म्हणाला. रात्रीचं कसं चाललंय, असं मी आईला विचारलं. ती म्हणाली, "मोबाइलात दोनचा गजर लावते, मॅडम. कधी कधी गजराच्या आधीच जाग येते."

मी पहाटे उठते तेव्हा रात्रीचं काम होऊन गेलेलं असतं आणि मला त्याची खबरही नसते. त्या घरात मात्र ते काम आई करते. गाभ्याच्या जागी ती जागते.